तारेला वयाची अट आहे का?

"दातांना तार लावायचं वय गेलं आता," हे वाक्य आपल्यापैकी कितीतरी जणींनी ऐकलं आहे, आणि दुसरीला ऐकवलंही आहे. तार म्हणजे शाळकरी पोरांची, असं आपण धरून चालतो. हा समज आला कुठून आणि त्यात खरं किती, ते आज इतिहासात जाऊन बघू या.

वाकडे दात सरळ करण्याची रीत नीट लिहून ठेवली ती फ्रान्सच्या पिएर फोशार यांनी. १७२८ साली छापलेल्या त्यांच्या ग्रंथात धातूची नालेसारखी पट्टी दातांना दोऱ्याने बांधून त्यांना ओळीत आणण्याची पद्धत आहे. पुढे अमेरिकेत एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये वरचे आणि खालचे दात एकमेकांवर कसे बसतात ते पाहून त्यांचे तीन वर्ग पाडले. १९०० मध्ये त्यांनी सेंट लुईस शहरात या एकाच विद्येची शाळा काढली. त्या काळच्या तारा-पट्ट्या सोन्याचा अंश असलेल्या धातूच्या असत. म्हणजे उपचार पैसेवाल्यांचा, आणि रुग्ण बहुतेक वाढत्या वयाची मुलं.

पण दात मुळात सरकतो कसा? स्वीडनचे कार्ल सँडस्टेड यांनी १९०४ च्या सुमारास कुत्र्यांवर प्रयोग करून ते पाहिलं. दातावर सतत हलका दाब दिला की दाबाच्या बाजूचं हाड झिजतं आणि मागे मोकळ्या झालेल्या बाजूला नवं हाड भरतं. बांध सरकवताना इकडची माती काढून तिकडे टाकावी, तसंच हे. हाडाचं हे झिजणं आणि भरणं जन्मभर चालू राहतं. पन्नाशीत मोडलेला हात जुळतो, तो त्यामुळेच. म्हणून चाळिशीतला दातही सरकतो.

मग लहान-मोठ्यांत फरक कशाचा? जबड्याच्या वाढीचा. मुलांचा जबडा वाढत असतो, त्यामुळे त्या वाढीला वळण देता येतं. टाळूच्या मधली सांध लहानपणी पक्की झालेली नसते, म्हणून अरुंद जबडा पट्टीने रुंदावता येतो. मोठेपणी ती सांध घट्ट होते. दात सरकतात, पण जबडाच मागे-पुढे असेल तर कधी कधी शस्त्रक्रिया लागते. मुलांची पहिली तपासणी सातव्या वर्षाच्या आसपास करून घ्यावी असं तज्ज्ञ सांगतात, ते म्हणूनच. तपासणी केली म्हणजे लगेच तार लागेलच असं नाही.

मोठ्यांसाठी वाट सोपी झाली ती नंतर. पूर्वी एकेका दाताला धातूचं कडं चढवावं लागे. १९५५ मध्ये अमेरिकेत मायकेल बुओनोकोर यांनी आम्ल लावून दाताचा पृष्ठभाग खरखरीत केला, म्हणजे त्यावर चिकटवलेलं पक्कं बसतं, हे दाखवलं. त्यातूनच पुढे दातावर चिकटवायच्या बारीक क्लिपा आल्या. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात पारदर्शक साच्यांची कंपनी निघाली, तीही सुरुवातीला मुख्यतः मोठ्यांसाठी. हे साचे महाग असतात आणि प्रत्येकीला चालतीलच असं नाही.

आपल्या देशात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्याला पहिलं दंत महाविद्यालय काढलं. आज आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. खाजगी दवाखान्यात पैसे भरण्याआधी तिथे चौकशी जरूर करावी.

आता आपल्या घरचं. लेकीच्या तारेसाठी गटातून कर्ज काढायला आपण मागेपुढे पाहत नाही, कारण मनात तिच्या लग्नाचा विचार असतो. पण आईचे दात एकावर एक चढलेले असतात, त्यांच्या फटींत अन्न अडकतं, हिरड्या सुजतात, ते कोणी मोजत नाही. तारेमुळे फक्त रूप सुधारतं असं नाही. दात घासणं सोपं होतं, म्हणून ते टिकवणंही सोपं होतं.

मोठ्या वयात खरी अडचण हिरड्यांची असते. हिरड्यांचा रोग तसाच ठेवून तार ओढली, तर आधीच कमी झालेलं हाड आणखी जातं. म्हणून आधी हिरड्यांचा उपचार, मग तार. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी. आणि मिश्री सोडायलाच हवी. ती तंबाखूच आहे, तिने दात मजबूत होत नाहीत, उलट हिरड्या खराब होतात.

उपचाराला बहुधा दीड-दोन वर्षं लागतात आणि बोलावलं की जावंच लागतं. तेव्हा जाण्या-येण्याचा खर्च आणि बुडणारी मजुरी आधीच हिशेबात धरा. तार काढल्यावर दात जुन्या जागी परतू बघतात, म्हणून नंतर रिटेनर वापरावा लागतो. हे दहाव्या वर्षी जितकं खरं, तितकंच चाळिसाव्या वर्षीही. जत्रेत किंवा रस्त्यावर बसून दात ओढणाऱ्याकडे मात्र कोणत्याच वयात जाऊ नका.