फ्रीझरवर 'पी1', 'ई1' आलं तर काय करायचं?

"डिस्प्लेवर तापमानाऐवजी काहीतरी अक्षरं येताहेत, पण मशीन तर चालू आहे." मोमिनपुऱ्यातले हॉटेलवाले असोत की मटण-चिकनची दुकानं, हे वाक्य आम्ही नेहमी ऐकतो. खरा धोका या 'चालू आहे'मध्येच आहे.

सेन्सर तुटला की कंट्रोलरला आतलं तापमान कळत नाही. मग बरेच कंट्रोलर घड्याळावर चालतात: ठरलेली मिनिटं कॉम्प्रेसर चालू, ठरलेली मिनिटं बंद. ही मिनिटं थंडीच्या दिवसांत पुरतील. पण नागपुरात 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेला होता, अशा उन्हात ती पुरतीलच असं नाही. 2024 ला बकरी ईद 17 जूनला होती, 2025 ला 7 जूनला; दरवर्षी ती दहा-अकरा दिवस अलीकडे येते, म्हणजे आता भर मे महिन्यात. फ्रीझर गोश्तने गच्च भरलेला असताना हा कोड आला तर आधी माल सांभाळा, दुरुस्ती नंतर. आत वेगळा थर्मामीटर ठेवा. फ्रोझन मालाला उणे 18 अंश किंवा त्याखाली, थंड मालाला 5 अंशांपर्यंत, हा एफएसएसएआयचा दंडक आहे. तेवढं मिळत नसेल तर माल लगेच दुसरीकडे हलवा.

आता कोड. डिक्सेलच्या कंट्रोलरवर पी1 म्हणजे आतल्या हवेचा सेन्सर, पी2 म्हणजे कॉइलवरचा, डिफ्रॉस्टसाठी लागणारा. एलिवेलवर तेच ई1 आणि ई2. कॅरेलच्या अनेक मॉडेलवर मात्र पहिला सेन्सर ई0 असतो आणि ई1 दुसरा. म्हणून मेकॅनिकला फोनवर नुसतं "ई1 आलाय" सांगू नका, कंट्रोलरचं नाव सांगा, फोटोच पाठवा. 'एचए' आलं तर तो सेन्सरचा दोष नव्हे. आत खरंच गरम झालंय: दार उघडं, कंडेन्सरवर धूळ-तेलाचा थर, किंवा गॅस कमी.

सेन्सर तपासायला मल्टिमीटर पुरे. आधी एमसीबी बंद करा, सेन्सरच्या दोन्ही तारा कंट्रोलरमधून काढा आणि ओहम मोजा. हल्ली बहुतेक ठिकाणी 10 के एनटीसी सेन्सर असतो. तो 25 अंशांना 10 हजार ओहम दाखवतो, तर बर्फाच्या पाण्यात (चुरलेला बर्फ जास्त, पाणी थोडं, पाच मिनिटं थांबा) साधारण 27 ते 33 हजार. मे महिन्यात किचनच 40 अंशांवर असेल तर साडेपाच हजारांच्या आसपास आकडा येईल. तेवढ्यावरून सेन्सर खराब ठरवू नका. आकडाच येत नसेल तर तार तुटली, शून्याजवळ असेल तर शॉर्ट.

मीटर नसेल आणि दोन्ही सेन्सर एकाच प्रकारचे असतील, तर त्यांच्या जागा बदलून पाहा. पी1 चा पी2 झाला तर सेन्सर गेला. पी1 तसाच राहिला तर दोष कंट्रोलरमध्ये.

कित्येकदा सेन्सर चांगलाच असतो. तार उंदराने कुरतडलेली असते, दाराच्या बिजागरीत चेपलेली असते, नाहीतर कोणीतरी नुसती टेप गुंडाळून जोड मारलेला असतो आणि त्यात पाणी शिरतं. नवीन सेन्सर टाकूनही कोड जात नसेल तर प्रकार जुळत नाही. जुन्या मशीनमध्ये पीटीसी असायचा, 25 अंशांना जेमतेम 1 हजार ओहमचा. कंट्रोलरच्या सेटिंगमध्येही तो प्रकार बदलावा लागतो.

फ्रायर आणि ओव्हनची गोष्ट वेगळी. तिथे बहुधा थर्मोकपल किंवा पीटी100 असतो (0 अंशाला 100 ओहम, 100 अंशांना साधारण 138). थर्मोकपलच्या तारा उलट लागल्या तर तेल तापताना आकडा खाली जातो. आणि फ्रायरचा हाय-लिमिट वारंवार पडतो म्हणून त्याच्या दोन तारा थेट जोडणारा मेकॅनिक भेटला, तर त्याला काम थांबवायला सांगा. तेल पेटण्याआधी मशीन बंद करणारी तीच शेवटची सोय असते.