बहुवारिकांची स्वयंरचना

लहान रेणूंनी किंवा साखळ्यांनी दुर्बल बंधांच्या साहाय्याने आपोआप जुळून मोठी रचना उभारणे, या क्रियेस बहुवारिकांची स्वयंरचना म्हणतात. सामान्य बहुवारिकात लहान घटक सहसंयुजी बंधांनी कायमचे सांधलेले असतात. स्वयंरचित बहुवारिकातील हायड्रोजन बंध किंवा धातु-आयनांशी होणारे बंध मात्र परिस्थितीनुसार सुटतात व पुन्हा जुळतात.

या विषयाचा इतिहास म्हणजे एका त्यक्त कल्पनेचे पुनरागमन होय. विसाव्या शतकाच्या आरंभी रबर, सेल्युलोज इ. पदार्थ लहान रेणूंचे सैल समूह आहेत, असे अनेक रसायनशास्त्रज्ञ मानीत. १९२० मध्ये हेर्मान श्टाउडिंगर या जर्मन शास्त्रज्ञांनी ते सहसंयुजी बंधांनी बनलेले महारेणू असल्याचे प्रतिपादन केले. प्रदीर्घ वादानंतर हे मत मान्य झाले आणि १९५३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रबराबाबत समूहाची कल्पना चुकीची ठरली. तथापि असे समूह हेतुपूर्वक घडविता येतात, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ झां-मारी लेन व त्यांचे सहकारी यांनी १९९० मध्ये दाखविले. त्यांच्या दोन भिन्न घटकांची टोके परस्परपूरक होती. ती प्रत्येकी तीन हायड्रोजन बंधांनी जुळून द्रवस्फटिकी साखळी तयार झाली. १९९७ मध्ये नेदर्लंड्समधील आइंटहोव्हन येथील संशोधकांनी चार हायड्रोजन बंधांची जोडणी योजून अधिक लांब व बळकट साखळ्या मिळविल्या.

महाराष्ट्रात या विद्येची पार्श्वभूमी कापसाच्या धाग्याशी निगडित आहे. कापसाच्या सेल्युलोजात ग्लुकोजचे घटक सहसंयुजी बंधांनी, तर शेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी बांधलेल्या असतात. परळ-लालबागच्या गिरण्या चालू असताना, १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रविद्या विभाग स्थापिला. वस्त्ररसायन हा तेथील एक प्रमुख विषय होता. दादरलगत माटुंगा येथे असलेली ही संस्था आज रसायन तंत्रज्ञान संस्था या नावाने ओळखली जाते. तेथे शिकलेले रघुनाथ माशेलकर १९७६ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रुजू झाले. शायनी वर्गीस व आशिष लेले यांच्यासह त्यांनी तेथे केलेल्या संशोधनात, कापलेल्या बहुवारिक जेलचे तुकडे धातु-आयनांच्या मध्यस्थीने पुन्हा सांधले जातात, असे आढळले. हे संशोधन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

दुर्बल बंधांमुळे पदार्थ दुरुस्त होतो, पण त्याच कारणाने तो उष्णतेने वा ताणाने सैलही होतो. म्हणून किती बंध सुटते ठेवावेत व किती कायमचे, हा अशा बहुवारिकांच्या आराखड्यातील मुख्य प्रश्न होय. कापसाच्या तंतूत निसर्गाने दोन्ही प्रकारच्या बंधांचा मेळ घातलेला आहे.