अक्षप्रमाण-जुळणी

अक्षप्रमाण-जुळणी : स्वतंत्रपणे काढलेले दोन किंवा अधिक वक्र एका आलेखात आणताना किंवा शेजारी मांडताना त्यांच्या अक्षांची कक्षा, एकक, आरंभबिंदू आणि प्रमाण एकसारखे करण्याची क्रिया. शाळेत आलेखकागदाच्या कोपऱ्यात ‘प्रमाण : 1 सेंमी = 10 एकक’ असे लिहावे लागते. संगणकावर ते लिहावे लागत नाही; आज्ञावली ते स्वतः ठरवते आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

गरज : मॅटलॅब, सायलॅब, ऑक्टेव्ह, मॅटप्लॉटलिब या प्रणाली दिलेल्या आकड्यांतील लहानात लहान व मोठ्यात मोठे मूल्य पाहून अक्षाची कक्षा निवडतात. त्यामुळे 40 एककांचा चढउतार आणि 1,600 एककांची घसरण वेगवेगळ्या चौकटींत काढली, तर दोन्ही वक्र चौकट सारख्याच उंचीने भरतात. अशी दोन चित्रे नुसती एकावर एक ठेवली, तर आकडे बरोबर असूनही तुलना खोटी ठरते.

पद्धती : (1) समान अक्ष. दोन्ही वक्रांचे मूळ आकडे घेऊन ते एकाच अक्षजोडीवर काढणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग. मॅटलॅब व ऑक्टेव्हमध्ये त्यासाठी आधी ‘होल्ड ऑन’ ही आज्ञा देतात; सायलॅबमध्ये पुढचा वक्र मूलतः त्याच अक्षांवर चढतो. कक्षा हाताने बांधलेली असेल, तर नव्या वक्राचा तिच्याबाहेरचा भाग मात्र कापला जातो. (2) जोडलेल्या चौकटी. मॅटलॅबमधील ‘लिंकॲक्सेस’ किंवा मॅटप्लॉटलिबमधील ‘शेअरएक्स’, ‘शेअरवाय’ यांनी अनेक चौकटींची कक्षा एकत्र बदलते. (3) दुहेरी य-अक्ष. एकके भिन्न असतील, उदा., तापमान व पाऊस, तर डावा व उजवा असे दोन उभे अक्ष वापरतात. येथे दोन वक्र जिथे छेदतात त्या बिंदूला स्वतःचा अर्थ नसतो. प्रमाण बदलताच तो सरकतो. (4) आधाररेषा वजा करणे. मूल्ये फार मोठी आणि बदल लहान असतील, तर प्रत्येक मालिकेतून तिची आधारपातळी वजा करून फक्त बदल मांडतात.

कुलाबा-अलिबागचे उदाहरण : नवी मुंबईत नवीन पनवेल येथे भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. भूचुंबकीय नोंदींचे जागतिक विदा केंद्रही तिथेच आहे. या नोंदींची परंपरा कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून सुरू होते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने चुंबकमापन बिघडणार, म्हणून सुमारे 30 किमी. अंतरावरील अलिबागला नवी वेधशाळा उभारली गेली. तिथे 1904 मध्ये मापन सुरू झाले, तरी कुलाब्याचे काम 1906 पर्यंत चालूच ठेवले होते. या दोन वर्षांच्या दुहेरी नोंदींमुळे दोन ठिकाणांच्या पातळ्यांतील फरक कळला आणि दोन मालिकांचा सांधा जुळवता आला. कागदी नोंदीतही वक्राची उंची मिलिमीटरमध्ये मोजून तिला प्रमाणमूल्याने गुणावे आणि आधारमूल्य मिळवावे लागे. संगणकाआधीची ही अक्षप्रमाण-जुळणीच होय.

1–2 सप्टेंबर 1859 च्या चुंबकीय वादळात कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे 1,600 नॅनोटेस्लाने (चुंबकीय क्षेत्राचे एकक) घसरल्याची नोंद आहे. शांत दिवशी या घटकाचा चढउतार काही दशक नॅनोटेस्लांचा असतो. 10 सेंमी. उंचीच्या चौकटीत 0 ते 40,000 अशी कक्षा घेतली, तर 1,600 ची घसरण जेमतेम 4 मिमी. दिसते आणि 40 चा दैनंदिन बदल रेषेच्या जाडीत बुडतो. आधारपातळी वजा करून दोन्ही दिवसांसाठी −1,700 ते +100 अशी एकच कक्षा ठेवली, तर घसरण सुमारे 9 सेंमी. आणि शांत दिवसाचा बदल सुमारे 2 मिमी. येतो. वादळ किती मोठे होते, हे या दुसऱ्या चित्रातच कळते.

दक्षता : आडव्या अक्षाकडेही तेवढेच लक्ष हवे. जुन्या कुलाबा नोंदी मुंबईच्या स्थानिक वेळेत आहेत. ती ग्रिनिचच्या पुढे 4 तास 51 मिनिटे, तर भारतीय प्रमाणवेळ 5 तास 30 मिनिटे. रूपांतर न करता वक्र एकत्र केले, तर एक वक्र 39 मिनिटे सरकलेला राहतो. क्षणिक वाचन आणि तासाची सरासरी एकाच अक्षावर ठेवणेही टाळावे, कारण सरासरीत तीव्र दरी उथळ होते. एक वक्र रेषीय आणि दुसरा लॉगॅरिथमी प्रमाणात असेल, तर कक्षा जुळूनही तुलना होत नाही. कक्षा हाताने ठरवली असल्यास ती, वजा केलेली आधारपातळी आणि वापरलेली वेळ आलेखाखाली नमूद करावी. त्यांच्यावाचून वक्राची उंची निव्वळ चौकटीची उंची असते.