सरकारची गाडी आणि वाटेवरचा माणूस

आज एका घोड्याची हकीकत सांगावयाची आहे. हा घोडा कलकत्त्याचा. पेनिन्शुलर अँड ओरिएंटल ही आगबोटींची मोठी कंपनी त्याची मालक होती. कंपनीची दोन घोड्यांची एक गाडी गार्डन रीचहून कलकत्त्याकडे निघाली होती आणि तिची वाट खिदिरपूरच्या सरकारी गोदीतून जात होती. त्याच वेळी गोदीतले काही मजूर एका आगबोटीच्या दुरुस्तीसाठी लोखंडाचा एक अवजड भाग उचलून रस्त्याच्या मधोमध चालले होते. गाडीवानाने हाक दिली, घोड्यांचा वेग आवरला. पुढचे मजूर एका बाजूला वळू लागले, मागचे दुसऱ्या बाजूला ओढू लागले, आणि या ओढाताणीत गाडी अगदी जवळ येऊन ठेपली. मजूर घाबरले. त्यांनी हातातले लोखंड तसेच खाली टाकले आणि ते बाजूला पळाले. त्या प्रचंड आवाजाने घोडे उधळले, थेट त्या लोखंडावर जाऊन आदळले आणि त्यातला एक जखमी झाला. कंपनीने साडेतीनशे रुपयांची भरपाई मागितली.

एवढ्याशा घटनेची आज कोणाला आठवण राहिली असती? परंतु ते मजूर सरकारचे होते. म्हणून दावा लागला तो हिंदुस्थानच्या कारभारासाठी विलायतेत नेमलेल्या राजमंत्र्यावर, म्हणजे सेक्रेटरी ऑफ स्टेटवर. लघुवाद न्यायालयाच्या न्यायाधीशांना मजुरांची हयगय स्पष्ट दिसली. पण नोकराच्या हयगयीबद्दल सरकारलाच जाब विचारता येतो काय, या प्रश्नाशी ते थबकले. राजाच्या हातून अन्याय घडूच शकत नाही हे इंग्लंडच्या कायद्याचे जुने सूत्र. तेव्हा त्यांनी प्रश्न वरिष्ठ न्यायालयाकडे पाठविला. तेथे मुख्य न्यायाधीश होते सर बार्न्स पीकॉक.

पीकॉकसाहेबांनी १८६१ साली दिलेला निकाल आजही वाचण्यासारखा आहे. ईस्ट इंडिया कंपनी राज्य करीत होती हे खरे, पण ती व्यापारही करीत होती. आणि व्यापाऱ्याच्या नोकराने कोणाचे नुकसान केले तर व्यापाऱ्याला ते भरून द्यावे लागते. १८५८ साली कंपनीचा कारभार राणी सरकारने हाती घेतला तेव्हा कायद्याच्या ६५व्या कलमाने असे ठरविले होते, की कंपनीवर जसे दावे लावता येत तसेच ते पुढे सेक्रेटरी ऑफ स्टेटवर लावता येतील. म्हणून जे काम एखादा खाजगी माणूसही करू शकतो, त्यात झालेल्या हयगयीची भरपाई सरकारने द्यावी. मात्र जे काम केवळ सार्वभौम सत्तेच्या बळावरच करता येते, त्याबद्दल दावा चालणार नाही. गोदीत आगबोट दुरुस्त करणे हे काही राजाचेच काम नव्हे. कंपनीला घोड्याची भरपाई मिळाली.

या निकालाचा एक भाग उदार होता आणि दुसऱ्या भागात एक भिंत होती. ती भिंत नेमकी कोठून जाते, हे पीकॉकसाहेबांनी सांगितले नाही. सांगण्याचे कारणही नव्हते, कारण त्यांच्यापुढे एक घोडा तेवढा होता. पण पुढच्या शंभर वर्षांत रस्त्यावर सरकारी मोटारी आल्या, लष्करी ट्रक आले, कलेक्टरांच्या जीपगाड्या आल्या, आणि त्यांच्यापुढे घोडे नव्हे तर माणसे आली.

मध्यंतरी कायदे बदलत गेले. १८५८च्या कायद्याचे ते कलम १९१५च्या कायद्यात ३२वे झाले, १९३५च्या कायद्यात १७६वे झाले आणि १९५०च्या राज्यघटनेत ३००वे झाले. शब्द फिरले, आशय तोच राहिला: पूर्वीच्या सरकारवर ज्या प्रकारचे दावे चालत, त्याच प्रकारचे आताच्या सरकारवर चालतील. म्हणजे प्रजासत्ताकाच्या नागरिकाने आपला हक्क शोधावयाचा तर ३००व्या कलमापासून मागे मागे जात ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारीपर्यंत पोहोचावयाचे! त्याच कलमाने संसदेला नवा कायदा करण्याची मोकळीक ठेवली आहे, ही गोष्ट लक्षात असू द्यावी. आणि गंमत अशी, की खुद्द इंग्लंडने १९४७ साली कायदा करून राजाला मिळणारी ही सूट काढून टाकली होती. ज्यांच्याकडून आपण ती उचलली त्यांनी ती टाकून दिली, आणि आपण ती जपून ठेवली.

आता उदयपूरला जाऊ. ११ फेब्रुवारी १९५२ची संध्याकाळ. कलेक्टरांच्या वापरासाठी ठेवलेली एक सरकारी जीप दुरुस्तीला गेली होती. दुरुस्ती झाल्यावर चालक ती कारखान्यातून परत आणीत होता. गाडीत कोणी अधिकारी नव्हता, कोणते सरकारी काम अडलेले नव्हते. रस्त्याच्या कडेच्या पायवाटेने एक गृहस्थ चालले होते; रस्त्यावर नव्हे, पायवाटेवर. जीपने त्यांना धडक दिली. कवटी आणि पाठीचा कणा मोडला. तीन दिवसांनी रुग्णालयात त्यांचा अंत झाला. मागे पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी राहिली.

त्या दोघींनी पंचवीस हजार रुपयांचा दावा लावला, चालकावर आणि राजस्थान सरकारवर. सरकारचे म्हणणे असे, की जीप कलेक्टरांसाठी होती, कलेक्टर हे राज्यसत्तेचे अंग, सबब सरकारवर दावा चालत नाही. पहिल्या न्यायालयाने ते मानले आणि हुकूमनामा केवळ चालकावर दिला. तात्पुरत्या नेमणुकीवरच्या चालकाकडून ही रक्कम कशी वसूल व्हावयाची होती, ते तेच जाणोत. उच्च न्यायालयाने मात्र सरकारलाही जबाबदार धरून पंधरा हजार रुपये देवविले. यावर सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. पंधरा हजारांसाठी राज्य सरकारने एका विधवेला दिल्लीपर्यंत नेले याचे नवल वाटेल. पण सरकारला रकमेची भीती नव्हती, पायंड्याची होती.

२ फेब्रुवारी १९६२ रोजी निकाल लागला. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांच्या अध्यक्षतेखाली पाच न्यायमूर्तींनी सरकारचे अपील फेटाळले. त्यांनी कलकत्त्याच्या त्या घोड्याचा दाखला घेतला आणि वर आणखी एक गोष्ट सांगितली: लोककल्याणाचे व्रत घेतलेले आणि शेकडो उद्योग चालविणारे आजचे राज्य जुन्या राजाच्या कवचामागे उभे राहू शकत नाही. अपघाताच्या वेळी तीन वर्षांची असलेली ती मुलगी तोवर तेरा वर्षांची झाली होती.

येथे प्रश्न मिटला असे कोणालाही वाटले असते. पण १९६४च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानेच दुसरा निकाल दिला. त्या खटल्याचा रस्त्याशी काही संबंध नव्हता. फाळणीच्या धामधुमीत, १९४७च्या सप्टेंबरात, मीरत येथे पोलिसांनी एका सराफी पेढीच्या भागीदाराला संशयाने पकडून त्याचे शंभर तोळ्यांहून अधिक सोने आणि बरीचशी चांदी ताब्यात घेतली. पुढे ते सोने एका हेड कॉन्स्टेबलने लांबविले आणि तो पाकिस्तानात निघून गेला. चांदी परत मिळाली, सोने मिळाले नाही. पेढीने भरपाई मागितली तेव्हा न्यायालय म्हणाले, की अटक करणे आणि माल जप्त करणे ही सार्वभौम सत्तेची कामे. त्यात हयगय झाली तरी सरकार देणे लागत नाही. हा निकाल लिहिणारे सरन्यायाधीश होते प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर.

आपल्या साताऱ्याचे हे न्यायपंडित. कामगारांच्या बाजूने त्यांनी दिलेले निकाल प्रसिद्ध आहेत. त्यांच्या लेखणीतून असा निकाल उतरावा याची पुष्कळांना रुखरुख वाटली, आणि मला वाटते ती त्यांनाही वाटत असावी. कारण ही स्थिती समाधानकारक नाही, कायदेमंडळाने यात लक्ष घालावे, असे त्यांनी निकालातच स्पष्ट लिहून ठेवले. न्यायाधीशाने कायदा आहे तसा सांगावा की असावा तसा सांगावा, हा वाद जुना आहे. गजेंद्रगडकरांनी पहिली वाट धरली. माझ्या मते उदयपूरच्या निकालाने दार उघडलेलेच होते, आणि त्यातून आणखी एक पाऊल टाकता आले असते.

या निकालाचे पडसाद उमटले ते रस्त्यावर. आता प्रत्येक अपघातात वकील विचारू लागले: सरकारी गाडी कोठे आणि कशासाठी चालली होती? पंजाबात एका लष्करी गाडीतून कामावरच्या जवानांचे जेवण चालले होते. ते सार्वभौम काम ठरलेलेच होते, भरपाई नाही. दिल्लीत वायुदलाच्या गाडीतून हॉकीचा संघ सामना खेळावयास चालला होता. हॉकी काही सार्वभौम नव्हे, भरपाई द्यावी. आपल्या मुंबई उच्च न्यायालयापुढे एका सायकलस्वाराच्या मृत्यूचा खटला आला. लष्करी ट्रकमधून एक यंत्र दुरुस्तीच्या कारखान्यातून तोफखान्याच्या प्रशिक्षणशाळेकडे चालले होते. न्यायालयाने हे काम कोणीही करू शकेल असे मानून सरकारला जबाबदार धरले. उलट मद्रासेत नौदलाच्या जहाजासाठी वायू घेऊन जाणाऱ्या लष्करी गाडीने एका लहान मुलाला जायबंदी केले, तेव्हा दावा फेटाळला गेला. दयाबुद्धीने काही रक्कम द्यावी, अशी शिफारस मात्र न्यायमूर्तींनी केली.

दया आणि हक्क यांतले अंतर त्या मुलाच्या आईबापांना कोणी समजावून सांगावयाचे? चाकाखाली सापडणाऱ्याला गाडीत जेवणाचे डबे आहेत की हॉकीच्या काठ्या हे दिसत नाही.

याच विषयाची आणखी एक बाजू फारशी बोलली जात नाही. १९३९च्या मोटार वाहन कायद्याने वाटसरूंच्या रक्षणासाठी प्रत्येक मोटारमालकावर विम्याची सक्ती केली. ती १ जुलै १९४६ पासून अमलात आली. पण सरकारी कामासाठी वापरल्या जाणाऱ्या सरकारी गाड्यांना या सक्तीतून सूट दिली. १९८८च्या नव्या कायद्यानेही ती सूट राखली. त्यामागे विचार असा, की सरकारची तिजोरी मोठी, तिला विमा कशाला? विचार ठीक आहे. पण तिजोरी मोठी असून चालत नाही, ती उघडावीही लागते. ज्या मालकाला विमा लागत नाही, त्याच मालकाने न्यायालयात येऊन आपण देणेच लागत नाही असे म्हणावे, ही अडचण इतर कोणत्याही गाडीखाली सापडलेल्याला येत नाही.

सुधारणेचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने आपला पहिलाच अहवाल, १९५६ साली, याच विषयावर दिला आणि कायदा करण्याची शिफारस केली. १९६५ आणि १९६७ साली लोकसभेत विधेयके आली. दोन्ही व्यपगत झाली. जे संसदेने केले नाही ते हळूहळू इतर वाटांनी घडत गेले. १९५६च्या दुरुस्तीने मोटार अपघातांच्या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची तरतूद झाली. १९८२ साली, चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृताच्या वारसांना ठराविक रक्कम मिळू लागली. ती रक्कम किती? पंधरा हजार, उदयपूरच्या विधवेला मिळाली तेवढीच. पुढे सर्वोच्च न्यायालयाने लष्करी गाडीच्या अपघातातही सार्वभौमत्वाची सबब मान्य केली नाही, आणि १९९४ व २००० सालच्या निकालांत मीरतच्या निर्णयावर कठोर टीका केली. तथापि त्याहून मोठ्या खंडपीठाने तो निर्णय विधिवत् रद्द ठरविलेला नाही.

आता प्रश्न गाडीवरून खुद्द रस्त्यावर आला आहे. खड्ड्यात पडून माणूस मेला तर जाब कोणाला विचारावा? २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आले. रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित अधिकारी, ठेकेदार वा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा दंड मृताच्या घरी जात नाही, एका निधीत जमा होतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यापुढचे पाऊल टाकले: खड्डा किंवा उघडे मॅनहोल यामुळे मृत्यू आल्यास वारसांना सहा लाख रुपये द्यावे आणि ती रक्कम नंतर जबाबदार अधिकाऱ्यांकडून व ठेकेदारांकडून वसूल करावी, असे सांगितले.

राज्यघटनेचे ३००वे कलम मात्र १९५० साली होते त्याच शब्दांत आहे. सरकारी हयगयीचा दावा आजही तेथे पोहोचला, की वकिलांना १८५८चा कायदा उघडावा लागतो आणि त्यामागोमाग खिदिरपूरच्या गोदीतला तो घोडा पुन्हा न्यायालयात उभा राहतो.