गारुड्याचा धंदा आणि गारुड्याचा संसार

आपल्या गारुडी समाजाविषयी आजवर जे काही लिहिले गेले, ते बहुतेक पुंगीविषयी आणि पेटारीविषयी लिहिले गेले. पाहणाऱ्याने नाग पाहिला, नागाला डोलविणारा पाहिला. परंतु खेळ आटोपल्यावर ती पेटारी कोणत्या पालात जात होती, तेथे कोण कोण निजत होते आणि त्यांचे पोट कशावर भरत होते, याची चौकशी फारशी कोणी केली नाही. म्हणून साप पकडण्याच्या धंद्याचा इतिहास ह्या लेखात घराच्या बाजूने पाहावा, असे आम्ही योजिले आहे.

हा धंदा एकट्या पुरुषाचा कधीच नव्हता. पुरुषाने वारूळ खणावे, साप धरावा, खेळ मांडावा. स्त्रीने उघड्यावरचा संसार सांभाळावा, दारोदार हिंडून पीठमीठ मिळवावे आणि पाल उठले की सारे बिऱ्हाड पाठीवर घ्यावे. मुलाने लोकांची गर्दी जमवावी, अशी ती वाटणी होती. मुलाची शाळा म्हणजे बापाची पाऊलवाट. पडलेली कात पाहून साप कोणत्या जातीचा ते सांगणे, बिळाचे तोंड गुळगुळीत झालेले पाहून आत राबता आहे हे ओळखणे, घोणस आणि डुरक्या घोणस यांतील भेद अंधारातही न विसरणे, हे ज्ञान पुस्तकावाचून पिढ्यान् पिढ्या चालत आले. त्याची किंमतही घरानेच दिली. एका गावी वर्षभर मुक्काम नाही, म्हणून शाळेच्या पटावर नाव नाही. आणि ज्या दिवशी दंश झाला, त्या दिवशी नुसता कर्ता पुरुष जात नसे. त्या घराचे भांडवल, विद्या आणि मिळकत ही तिन्ही एकाच वेळी जात.

सन १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि पुढे तो अधिकाधिक कडक होत गेला. परवान्यावाचून साप पकडणे, बाळगणे व त्याचा खेळ करणे हा गुन्हा ठरला. हा कायदा अकारण आला असे आम्ही म्हणणार नाही. दात उपटलेला नाग पेटारीत फार दिवस जगत नाही, ही गोष्ट आपल्या वडीलधाऱ्यांस इतर कोणापेक्षाही अधिक ठाऊक होती. परंतु कायद्याने साप वाचविला, तेव्हा ज्याचे पोट सापावर चालत होते त्याच्यापुढे दुसरे ताट मांडले गेले नाही. कालपर्यंत बाप जी विद्या मुलास अभिमानाने शिकवीत होता, तीच आज लपविण्याची वस्तू झाली. घरातील मोठ्या माणसाचा मान त्याच्या हुन्नरावर उभा असतो. तो हुन्नरच अपराध ठरला म्हणजे घरात बोलण्याची रीतसुद्धा बदलते.

ह्याच प्रसंगातून तामिळनाडूतील इरुला बांधवही गेले. मद्रासच्या दक्षिणेस चेंगलपट्टूच्या परिसरात राहणारी ही आदिवासी जमात भातखाचरांच्या बांधांवरून साप आणि उंदीर शोधण्यात वाकबगार. हाती लोखंडी पहार, आणि पुष्कळदा नवराबायको मिळून शिकारीस निघत. साप पकडून कातडे व्यापाऱ्यास विकणे हा त्यांचा मुख्य आधार होता. १९७२ च्या कायद्याने आणि १९७६ च्या निर्यातबंदीने तो आधार तुटला. परंतु तेथे एक निराळी गोष्ट घडली. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या साहाय्याने १९७८ साली इरुला सर्पपकड्यांची सहकारी संस्था स्थापन झाली. ह्या संस्थेस वनखाते कोणत्या जातीचे किती साप धरावयाचे हे ठरवून परवाना देते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप सभासद आणून देतात व जातीप्रमाणे ठरलेला दर घेतात. साप मातीच्या मडक्यांत ठेवले जातात, काही आठवड्यांत ठरावीक वेळा त्यांचे विष काढले जाते, आणि मग पोटाच्या खवल्यावर खूण करून ते रानात सोडले जातात. ते विष प्रतिविष तयार करणाऱ्या कारखान्यांस विकले जाते. विषाची अल्प मात्रा घोड्यास टोचून त्याच्या रक्तातून औषध सिद्ध होते.

ह्या व्यवस्थेने घरात काय बदलले, ते आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. साप मेला तरच पैसा, हा नियम उलटला; साप जगला तर पैसा, असे झाले. मिळकत व्यापाऱ्याच्या मर्जीवरून उठून संस्थेच्या हिशेबात आली. साप झोपडीत न राहता संस्थेच्या आवारात राहू लागला. दंशाचा धोका टळला नाही, दारिद्र्यही एकदम गेले नाही. परंतु विद्येस नाव आणि दाम मिळाले. २०१७ साली मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल ह्या दोघा इरुलांना अजगर शोधण्यासाठी अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतात बोलाविण्यात आले, आणि २०२३ साली भारत सरकारने दोघांस पद्मश्री दिली.

महाराष्ट्राचाही ह्या विषयाशी जुना संबंध आहे. परळच्या ज्या प्रयोगशाळेची स्थापना १८९९ साली झाली आणि जिला १९२५ साली हाफकिन यांचे नाव मिळाले, तेथे सर्पविषावर दीर्घकाळ काम झाले व प्रतिविषही तयार झाले. रत्नागिरी जिल्ह्यात मात्र एकोणिसाव्या शतकात सरकार फुरसे मारणाऱ्यास बक्षीस देत असे. तोच साप पुढे औषधाचे मूळ ठरला.

आता मुख्य मुद्दा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे २००० ते २०१९ ह्या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. त्यातील बहुसंख्य खेड्यातील. अलीकडच्या संशोधनाने असेही दाखविले आहे की, एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशपरत्वे बदलते, आणि एका प्रांतातील विषापासून केलेले औषध दुसऱ्या प्रांतात तितकेच गुणकारी ठरेल असे नाही. देशातील विषाचा मोठा पुरवठा दीर्घकाळ तामिळनाडूतून होत आला. तेव्हा आपल्या मुलखातील सापांची जाण असणाऱ्यांची गरज संपलेली नाही, उलट वाढलेली आहे.

परंतु ही विद्या जुन्या अटींवर पुन्हा घरात येऊ नये. आज आपले काही तरुण सर्पमित्र म्हणून रात्री-अपरात्री लोकांच्या हाकेला धावतात. पुष्कळ ठिकाणी ह्या सेवेचा मोबदला ठरलेला नसतो. लोक टाळ्या देतात, छायाचित्रे काढतात; घरी मात्र आई आणि पत्नी दाराकडे डोळे लावून बसलेल्या असतात. टाळ्यांवर चूल पेटत नाही, आणि गेलेला मुलगा परत येत नाही.

म्हणून आपल्या कुटुंबांस आमची विनंती आहे. वनखात्याच्या परवानगीवाचून कोणीही सापास हात लावू नये. ज्यांना हे काम करावयाचे आहे त्यांनी एकेकट्याने न करता संस्था करून, विमा उतरवून आणि मोबदला ठरवून करावे. दंश झाल्यास मंत्र वा मुळी यांत घटकाही न दवडता रुग्णालय गाठावे. साप घरात ठेवू नये. मुलास शाळेत घालावे. आजोबांचे ज्ञान त्याने लिहून घ्यावे, पेटारी उचलू नये. पूर्वजांच्या विद्येने आजवर दुसऱ्यांची घरे निर्भय केली. तिने आता आपलेही घर निर्भय करावे, एवढीच ह्या इतिहासाची मागणी आहे.