वनस्पतिजन्य अधिशोषक

वनस्पतिजन्य अधिशोषक : पाण्यात विरघळलेले शिसे, कॅडमियम, तांबे, निकेल यांसारखे धातू आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवणारे, वनस्पतींपासून मिळणारे निर्जीव पदार्थ. भाताचे तूस, लाकडाचा भुसा, उसाचे चिपाड, नारळाचा काथ्या, भुईमुगाची टरफले, केळ्याच्या व संत्र्याच्या साली यांवर बरेच संशोधन झाले आहे. जिवंत वनस्पती मुळांवाटे धातू ओढून घेते, ती प्रक्रिया वेगळी. येथे पेशी मेलेली असते. काम करते ती तिची भित्ती. त्यामुळे रोप तग धरणार नाही अशा विषारी सांडपाण्यातही हे पदार्थ वापरता येतात.

पेशीभित्तीतील पेक्टिन, लिग्निन, हेमिसेल्युलोज यांवर कार्बॉक्सिल व हायड्रॉक्सिल गट असतात. कार्बॉक्सिल गटातून हायड्रोजन सुटला की ती जागा ऋणभारित होते आणि धनभारित धातू-आयन तेथे बांधला जातो. पुष्कळदा त्या जागी आधीच कॅल्शियम असते. शिसे त्याला हुसकावून लावते. म्हणजे या क्रियेचा मोठा भाग आयन-विनिमयाचा असतो. पेक्टिनाने समृद्ध असलेली संत्र्याची साल शिशासाठी उपयुक्त ठरते ती यामुळेच.

पाण्याचा सामू येथे निर्णायक असतो. पाणी फार आम्लधर्मी असेल तर हायड्रोजन आयनच त्या जागा अडवतात. शिसे, तांबे, कॅडमियम यांच्यासाठी साधारण ४ ते ६ सामू अनुकूल. षट्‌संयुजी क्रोमियमाचे उलट आहे. ते ऋणभारित रूपात असल्याने २ च्या आसपासच्या सामूला चांगले पकडले जाते, आणि त्यातील बराच भाग वनस्पतिद्रव्यामुळे कमी विषारी त्रिसंयुजी रूपात बदलतो.

आर्सेनिक सहसा अशा साध्या भुशाला दाद देत नाही, म्हणून पुष्कळदा भुशावर लोहाचा थर चढवतात. मात्र २००५ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी जलपर्णीच्या वाळलेल्या मुळांची पूड वापरून, लिटरमागे २०० मायक्रोग्रॅम आर्सेनिक असलेल्या द्रावणातून तासाभरात ९० टक्क्यांहून अधिक आर्सेनिक काढल्याचे नोंदवले. बांगलादेशासारख्या, आर्सेनिकयुक्त भूजल आणि जलपर्णी दोन्ही मुबलक असलेल्या देशासाठी हे निष्कर्ष महत्त्वाचे होते.

या विषयाचा उल्लेख निघाला की निवळीच्या बियांची परंपरा सांगितली जाते. गढूळ पाणी स्वच्छ करण्यासाठी कतक, म्हणजे निवळी, सुश्रुतसंहितेत सांगितली आहे. सुदानमध्ये नाईलचे पाणी शेवग्याच्या बियांच्या पुडीने निवळण्याची रीत आहे. शेवग्याच्या बीमधील धनभारित प्रथिने मातीच्या कणांना एकत्र आणून तळाशी बसवतात. पण विरघळलेले शिसे डोळ्यांना दिसत नाही आणि गाळाबरोबर ते सगळे खाली बसेल याची खात्री नसते. नितळ पाणी धातूमुक्तही असते असे मानणे धोक्याचे आहे.

संशोधन-निबंधांतील आकडे वाचतानाही सावध राहावे लागते. ग्रॅममागे इतके मिलिग्रॅम अशी धारणक्षमता बहुधा शुद्ध पाण्यात एकच धातू भरपूर मिसळून मोजलेली असते. संहती घटली की प्रत्येक ग्रॅमवर बसणारा धातूही घटतो, आणि पिण्याच्या पाण्यात तर शिशाची भारतीय मानकातील मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम एवढी कमी आहे. शिवाय विहिरीच्या कठीण पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम त्याच जागांवर हक्क सांगतात. कच्च्या भुशातून टॅनिन व इतर सेंद्रिय द्रव्ये पाण्यात उतरून त्याला रंग आणतात. त्यासाठी तो अल्कलीने धुतात किंवा सायट्रिक आम्लासह तापवतात. सायट्रिक आम्लामुळे कार्बॉक्सिल गटही वाढतात.

हे तंत्र सर्वांत आशादायक वाटते ते धातूंचा मुलामा देणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी. तेथे धातूची संहती जास्त असते. भुसा नळकांड्यात भरून त्यातून पाणी सोडतात. बाहेर पडणाऱ्या पाण्यात धातू दिसू लागला की भरण संपृक्त होत आली असे समजतात. मग विरल आम्लाने धातू धुऊन काढून भुसा पुन्हा वापरता येतो, पण दर फेरीला त्याची क्षमता बहुधा घटते. व्यवहारात मात्र कृत्रिम आयन-विनिमय रेझिनेच पुढे राहिली आहेत, कारण त्यांचा दर्जा एकसारखा असतो. भुशाचा दर्जा पीक, माती व हंगामागणिक बदलतो.

वापरून झालेला भुसा हा विषारी कचरा असतो. तो खतात मिसळला तर धातू शेतात जातो, जाळला तर त्यातील बराचसा राखेत साठतो आणि कॅडमियमासारखा धातू धुराबरोबरही बाहेर पडू शकतो. त्यामुळे त्याची विल्हेवाट घातक कचऱ्याच्या नियमांनुसारच करावी लागते, आणि स्वस्त भुशाच्या खर्चात हा खर्चही धरावा लागतो.