टाच मारलेले घड्याळ : ओव्हरक्लॉकिंग आणि अस्थिर संगणकाचा इतिहास

१/ वाचकहो, कल्पना करा. वैशाखातील दुपार, दौंड तालुक्यातील कासुर्डी. बाहेर पुणे-सोलापूर महामार्ग तापलेला, आत डेस्कटॉप. मार्गशीर्षात याचा वेग वाढवला, तेव्हा तो विनातक्रार चालला. आता मात्र तासाभरात निळा पडदा येतो. यंत्र तेच, सेटिंग तेच. मग बदलले काय? उत्तरासाठी थोडे मागे जाऊ.

२/ प्रथम घड्याळ समजून घेऊ. प्रोसेसरमधील प्रत्येक काम ठोक्यावर चालते. ४.६ गिगाहर्ट्झला दोन ठोक्यांमधील अवकाश सुमारे ०.२२ नॅनोसेकंद असतो. तेवढ्यात प्रकाशही साडेसहा सेंटीमीटरच जातो. या अवकाशात संकेत स्थिरावला नाही, तर पुढचा ठोका चुकीचा अंक उचलतो. अस्थैर्य म्हणजे एवढेच.

३/ या दुखण्याचे निदान ओव्हरक्लॉकिंगहून जुने आहे. अमेरिकेतील एमआयटीत जे फॉरेस्टर यांच्या चमूने ‘व्हर्लविंड’ हा संगणक उभारला. तो १९५१ साली कामाला लागला. त्यातील हजारो निर्वात नळ्या हळूहळू क्षीण होत. चमूने युक्ती काढली : विद्युतदाब मुद्दाम कमी-जास्त करायचा आणि कोणती नळी आधी ढेपाळते ते पाहायचे. कामाच्या वेळी दगा देणारी नळी आधीच सापडे. ही ‘मार्जिनल चेकिंग’ पद्धत, आजच्या स्थिरता-चाचणीची आजी.

४/ त्याच दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली ‘टिफ्रॅक’ घडत होता. १९६० साली तो कार्यान्वित झाला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले. सुमारे २,७०० निर्वात नळ्यांचे हे यंत्र. म्हणजे उष्णता आणि विश्वासार्हता यांचे भांडण मराठी मुलखालाही तेव्हापासून ठाऊक आहे.

५/ घरगुती ओव्हरक्लॉकिंग गाजले १९८४ च्या आयबीएम पीसी एटीबरोबर. त्याचा वेग ६ मेगाहर्ट्झ. तो ठरवणारा १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक मात्र खोबणीत बसवलेला, सहज निघणारा. लोकांनी तो काढून १६ चा बसवला आणि ८ मेगाहर्ट्झ पदरात पाडले. पुढे आयबीएमने बायोसमध्येच वेग तपासणारी पहारेकरी आज्ञावली घातली. ठरलेल्यापेक्षा घड्याळ जलद दिसले, की यंत्र सुरूच होत नसे.

६/ १९९८ साली इंटेलचा स्वस्त सेलेरॉन ३००ए आला. ६६ मेगाहर्ट्झचा बस वेग, साडेचारपट गुणक, म्हणून ३०० मेगाहर्ट्झ. बस १०० वर नेली की थेट ४५०! बहुतेक चिप हा ताण सोसत, म्हणून ती दंतकथा झाली. पण ‘बहुतेक’ म्हणजे ‘सर्व’ नव्हे. एका साच्यातून निघालेल्या दोन चिपांचा दम सारखा नसतो.

७/ मग कारखान्याचाच पाय घसरला. मार्च २००० मध्ये एएमडीने १ गिगाहर्ट्झचा टप्पा गाठला. दोनच दिवसांत इंटेलही पोहोचली. चढाओढीत ३१ जुलैला १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ जाहीर झाला. टॉमस पाब्स्ट, काइल बेनेट आदी परीक्षकांना तो डळमळीत आढळला. लिनक्स कर्नल संकलित करतानाच तो कोलमडे. ऑगस्टअखेर इंटेलने तो परत मागवला.

८/ शोधाची शिस्त मात्र एका गणितज्ञाकडून शिकावी. १९९४ साली प्रा. टॉमस नाइसली यांना जुळ्या मूळसंख्यांच्या गणितात विसंगती दिसली. त्यांनी आपला प्रोग्रॅम, कंपायलर, चिपसेट असे एकेक संशयित महिनोन्महिने बाद केले, तेव्हा दोष पेंटियमच्या भागाकारात सापडला. हे ओव्हरक्लॉकिंग नव्हते, पण रीत तीच : एका वेळी एकच बदल.

९/ १९९६ साली जॉर्ज वोल्टमन यांनी मर्सेन मूळसंख्या शोधण्याचा सामूहिक प्रकल्प सुरू केला. त्यांचा ‘प्राइम९५’ हा प्रोग्रॅम आधीच माहीत असलेली उत्तरे पुन्हा काढून ताडून पाहतो. उत्तर चुकले, तर यंत्र खोटे बोलते आहे. गणिताचे हे साधन ओव्हरक्लॉकरांची कसोटी बनले.

१०/ आता कासुर्डीकडे. चिपची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात. ४.० वरून ४.६ गिगाहर्ट्झ आणि १.२० वरून १.३५ व्होल्ट केले, तर उष्णता जवळपास दीडपट. त्यातच पंखा खोलीतीलच हवा ओढतो. खोली २२ अंशांवरून ३८ वर गेली, की चिपही साधारण तेवढीच चढते. मार्गशीर्षातील शिल्लक वैशाखात संपली!

११/ म्हणून उपाय क्रमाने. आधी सर्व मूळ सेटिंगवर आणा. तरीही यंत्र पडले, तर दोष वेगाचा नाही; रॅम, पॉवर सप्लाय, धूळ तपासा. रॅमचे एक्सएमपी हेसुद्धा ओव्हरक्लॉकिंगच. ते बंद ठेवून मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. मगच प्रोसेसरचा गुणक एकेक पायरीने वाढवा आणि प्रत्येक पायरी वहीत नोंदवा.

१२/ लक्षणे बोलतात. भार पडताच कोलमडणे : उष्णता किंवा भाराखाली खचणारे व्होल्टेज. निवांत असताना कोलमडणे : हलक्या भाराला दिलेले अपुरे व्होल्टेज. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधील ‘व्हिया’ नोंदी म्हणजे पडण्यापूर्वीची कुरकुर. व्होल्टेज वाढवत सुटणे हा उपाय नव्हे. एक पायरी उतरणे हा उपाय.

१३/ २०२४ साली हाच धडा पुन्हा मिळाला. इंटेलच्या १३ व्या-१४ व्या पिढीच्या डेस्कटॉप चिपा कोसळू लागल्या. खेळ ‘ग्राफिक्स मेमरी अपुरी’ म्हणत. लोक ग्राफिक्स कार्डाला दोष देत. प्रत्यक्षात चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होती आणि स्वतःच झिजत होती. मायक्रोकोडच्या दुरुस्त्या आल्या, हमी दोन वर्षांनी वाढली. झिजलेली चिप मात्र दुरुस्त झाली नाही.

१४/ इतिहासप्रेमींनी याची चिंता का करावी? कोसळणारे यंत्र निदान प्रामाणिक असते. न कोसळता चुकीचा अंक लिहिणारे यंत्र हे ठाम स्वरात चुकीची तारीख सांगणाऱ्या बखरीसारखे. त्याच यंत्रावर तुम्ही मोडी कागदांच्या प्रतिमा जपत असाल, तर बिघडलेली फाइल कळेपर्यंत मूळ कागद वाळवीने खाल्लेला असेल. साधन-चिकित्सा कागदाची करता, तशी यंत्राचीही करा. पाच टक्के वेगासाठी साक्षीदार फितूर करू नये. बहुत काय लिहिणे? लेखनसीमा.